विकायची नव्हती ती वही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताईंनी पन्नाशी ओलांडली आहे. गेली 15 वर्षे त्या हाताने वह्या शिवतात. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात उशाशी जागताना हातांना काहीतरी काम हवे होते, त्यातून हे सुरू झाले. उरलेले कागद, जुन्या कपड्यांचे तुकडे, पुठ्ठा, खळ आणि मेण लावलेला दोरा. ज्याला द्यायची ती व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून वही शिवायची आणि देऊन टाकायची, असा शिरस्ता. विकली कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीने काही वह्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकले आणि अनोळखी लोक ‘कितीला?’ असे विचारू लागले. ताईंनी एक आकडा सांगितला, समोरच्याने तो मान्य केला, आणि तिथून मागण्या वाढत गेल्या. घर चालायला या पैशांची गरज नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे म्हणावेत असे पैसे हाती आले आहेत आणि ते हवेसे वाटतात. दुसरीकडे, दोरा ओवताना आता नजर घड्याळाकडे जाते. एका ऑनलाइन विक्री कंपनीने एकाच मापाच्या, एकाच नमुन्याच्या 200 वह्या मागितल्या आहेत. अट अशी की हा नमुना दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. मुलगी म्हणते, संधी सोडू नकोस. पती म्हणतात, छंदाचा धंदा केलास की छंदही जाईल. अशातच एका मैत्रिणीला 6 वर्षांपूर्वी दिलेली वही जुन्या वस्तू विकणाऱ्या एका वेबसाइटवर दिसली. अगदी कोरी. ताई विचारतात: मी विकायला लागले म्हणून आजवर दिलेल्या वह्यांचेही मोल जाईल का? 200 वह्यांचे काम घ्यावे का? आणि ती वही मीच परत विकत घ्यावी का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘पहिल्यांदा कोणी कितीला म्हणून विचारले, तेव्हा चोरी पकडली गेल्यासारखे वाटले.’ पैसे सांगताना संकोच वाटणे मी समजू शकते. पण चोरी? जिचा कागद तुम्ही जमवला, जी तुम्ही रात्री बसून शिवली, त्या वहीची किंमत सांगताना तुम्ही कोणाचे काय चोरत होतात?

मला वाटते, तुमच्या मनात एक नियम फार पूर्वीपासून ठाण मांडून बसला आहे. प्रेमाने केलेल्याला किंमत नसते, आणि ज्याला किंमत लागली ते प्रेमाने केलेले नसते. ऐकायला हा नियम सुंदर आहे. पण त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते, ते पाहा. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये एक विसंगती नोंदवून ठेवली होती: एखाद्या पुरुषाने आपल्याकडे पगारावर घर सांभाळणाऱ्या बाईशी लग्न केले, तर देशाचे मोजलेले उत्पन्न घटते. काम तेच, करणारे हात तेच. पगार थांबला, म्हणून ते काम हिशेबातून नाहीसे झाले. शंभर वर्षे उलटून गेली तरी घरच्या माणसाने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचे संगोपन राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही. 1972 मध्ये इटलीतल्या पादुआ शहरात काही स्त्रियांनी एकत्र येऊन घरकामाला वेतन मागणारी चळवळ उभी केली, तेव्हा त्यांनाही तुमच्या मनातल्या याच नियमाशी झगडावे लागले.

म्हणून आधी मी तुम्हालाच एक विचारते. वह्या विकायच्या नाहीत, हे तुम्ही ठरवले होते, की ते ठरलेलेच होते? दोन्हींत फरक आहे. आपण ‘अनमोल’ आणि ‘फुकट’ हे शब्द फार सहज एकमेकांच्या जागी वापरतो. तुमच्या वह्या अनमोल असतील, पण फुकट त्या कधीच नव्हत्या. कागद-दोऱ्याचा खर्च, उलटून गेलेल्या संध्याकाळी, डोळ्यांचा शीण, सुई टोचून टोचून घट्ट झालेले बोट, हे सगळे कोणीतरी भरत होते. ते तुम्ही भरत होतात. मराठीने ‘मोल’ हा शब्द दोन्हीकडे वापरला आहे. ‘अनमोल’मध्येही तोच आहे आणि ‘मोलमजुरी’तही तोच. स्वतःचे पैसे हवेसे वाटतात, असे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहे. त्याची माफी मागायचे काहीच कारण नाही.

तरीही तुमच्या पतींची भीती मी उडवून लावणार नाही. काहीतरी निसटते आहे, हे तुम्हालाही जाणवते आहे. फक्त ते नेमके कुठून निसटते आहे, याबद्दल माझे मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळे आहे.

वस्तू बाजाराची कधी होते? तिला किंमत लागते तेव्हा, असे आपण समजतो. मला वाटते, किंमत सगळ्यात शेवटी येते. तिच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते, आणि ते गाजावाजा न करता घडते. गव्हाचे उदाहरण घेते. गहू काही विकायला कधी नव्हता असे नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा गहू पोत्यांत भरून बाजाराकडे निघे, तेव्हा ती पोती वाटभर त्याचीच म्हणून ओळखली जात. घेणारा पोते उघडून दाणे तळहातावर घेऊन पाही. मग रेल्वे आली, धान्याची उंच कोठारे उभी राहिली, आणि प्रत्येकाचा गहू वेगळा ठेवणे परवडेनासे झाले. शिकागोच्या व्यापारी मंडळाने, जे 1848 मध्ये स्थापन झाले होते, 1856 मध्ये गव्हाचे ठरावीक प्रकार जाहीर केले. पुढे त्यांच्या दर्जानुसार प्रती ठरल्या. त्यानंतर एका प्रतीचा सगळा गहू एकाच कोठारात ओतला जाऊ लागला. शेतकऱ्याच्या हाती पडे ती पावती: अमुक प्रतीचा इतका गहू. ती दाखवून तेवढा गहू मिळत असे, पण तो त्याच्या शेतातलाच असेल असे काही नव्हते. थोड्याच वर्षांत अजून हाती न आलेल्या गव्हाचेही सौदे होऊ लागले. कोणाचा, हे आधी पुसले गेले. कसा, हे चार-दोन खणांत बसवले गेले. एका पोत्याच्या जागी दुसरे खुशाल चालू लागले, आणि मग उरला तो फक्त आकडा.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या काही गिऱ्हाइकांत एक मुलगी होती. तिला आजोबांच्या आठवणी लिहून ठेवायच्या होत्या. तुम्ही तिला विचारलेत की आजोबा काय करायचे, आणि ते शिंपी होते हे कळल्यावर वहीच्या कण्यावर कोटाला घालतात तसा टाका घातलात. तिच्याकडून पैसे घेतलेत. माझ्या मते त्या व्यवहारात काहीही बिघडलेले नव्हते. पैसे देऊन घेतलेली ती वही तिचीच होती, दुसऱ्या कोणाची होऊच शकत नव्हती. आणि त्याच पत्रात, जाता जाता, तुम्ही असेही लिहिले आहे की निळ्या कापडाच्या वह्यांना मागणी जास्त, म्हणून गेल्या वर्षापासून बहुतेक निळ्याच शिवता. हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेले नाही. पण तुमची वही बाजाराची झाली ती मला इथे दिसते. कोणासाठी, हा प्रश्न मागे पडला आणि ‘निळी, मध्यम’ एवढेच उरले. पैसे त्या मुलीनेही दिले होते. मोडले ते दुसरेच काहीतरी.

घड्याळाचे दुखणे मात्र खरोखर पैशांशी बांधलेले आहे. त्याच्यावर थोडे थांबते, कारण छंदातून कमाई सुरू झालेल्या बहुतेकांची ठेच इथेच लागते. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला मनापासून आवडणारी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर, तसेच प्रमाणपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी तीच पेने वर्गात ठेवली आणि कोण आपणहून किती वेळ रमतो ते पाहिले. आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

बक्षीस दोन्ही गटांना तेच होते. गोडी घालवली ती ‘इतके केलेस तर इतके मिळेल’ या आगाऊ बोलीने. तुमच्या घड्याळावरचा उपाय मला यातच दिसतो: मागणी घेऊन शिवू नका, शिवून झाल्यावर विका. आज कापड, कागद आणि मन जे सांगेल ती वही शिवा. महिन्याच्या शेवटी टेबलावर ज्या असतील, त्यांतल्या कोणत्या द्यायच्या, कोणत्या विकायच्या, कोणत्या स्वतःपाशी ठेवायच्या, हे तेव्हा ठरवा. त्या मुलीसारखी एखादी खरी गोष्ट घेऊन कोणी आले तर अपवाद करा. पण ‘मला तशीच निळी, पंधरा तारखेपर्यंत’ याला नम्रपणे नाही म्हणा. कमाई घटेल. तुम्हीच लिहिले आहे की घर त्यावर चालत नाही. ही सवलत सगळ्यांना नसते, तुम्हाला आहे, तर ती वापरा. ज्यांची चूल अशा कामावर पेटते त्यांना मी हा सल्ला देणार नाही. त्यांनी मागणी जरूर घ्यावी, फक्त आठवड्यातली एखादी संध्याकाळ कोणाचेच काही नसलेल्या वहीसाठी राखावी.

आणि घड्याळ एकदाच नीट वापरा. पाच वह्यांचा वेळ प्रामाणिकपणे मोजा. कागद कापणे, घड्या घालणे, खळ वाळेपर्यंत थांबणे, बिघडून फेकलेला पुठ्ठा, सगळे धरा. त्या वेळेला तुम्ही दुसऱ्या कोणा कुशल माणसाला जी मजुरी द्याल तीच लावा, आणि किंमत ठरवून मोकळ्या व्हा. मग ते घड्याळ दुसऱ्या खोलीत. किंमत कमी ठेवून मन हलके होईल असे वाटत असेल तर तसे होत नाही. स्वस्तात विकलेली वही विकताना सुख देत नाही आणि देणगीचे समाधानही देत नाही.

तुमचा पहिला प्रश्न, दिलेल्या वह्यांचे मोल जाईल का. त्या आधीच दिल्या गेल्या आहेत. त्यांना आता काही होत नाही. धोका आहे तो पुढच्या देण्याघेण्याला. इस्राएलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर 20 आठवडे केलेला एक अभ्यास उरी नीझी आणि आल्डो रस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला काही पालक उशिरा येत आणि शिक्षिका ताटकळत. 6 पाळणाघरांनी उशिरासाठी छोटा दंड लावला. उशीर कमी होईल असे कोणालाही वाटले असते. तो वाढला, जवळपास दुप्पट झाला. तोवर पालकांना शिक्षिकेची भीड होती. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला. दर भरला की भीड संपली. आणि मन अस्वस्थ करणारी गोष्ट यापुढची आहे: दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वपदावर आला नाही.

किंमत हा नुसता आकडा नसतो, ती लोकांना ही गोष्ट कुठल्या खात्यातली आहे ते सांगते, आणि एकदा सांगून झाले की माघार सोपी नसते. म्हणून ज्यांना तुम्ही आजवर वह्या दिल्या, त्यांच्याशी पैशांचे बोलणेच काढू नका. त्यांना द्यावीशी वाटली तर द्या, नाही वाटली तर देऊ नका. ‘ओळखीत अर्ध्या किमतीत’ हा प्रकार तर मुळीच नको. त्यात घेणाऱ्याला उपकार वाटतात, देणाऱ्याला तोटा, आणि दोघांनाही मोकळेपणी बोलता येत नाही. मैत्रिणीने किंमत विचारलीच, तर सरळ सांगा: ‘तुला विकायची नाही. तुझ्यासाठी शिवेन तेव्हा आपणहून देईन. कोणाला भेट द्यायला दहा हव्या असतील तर त्या इतरांसारख्याच विकत घे.’ हे बोलायला पहिल्यांदा जड जाते. दुसऱ्यांदा जात नाही.

काही माणसे मात्र पैसे दिल्याशिवाय घेतच नाहीत. फुकट घेणे त्यांच्या मनाला लागते, आणि त्यांचाही मान राखायला हवा. त्यांच्यासाठी स्वीडनमधल्या एका प्रयोगातली वाट सुचवते. कार्ल मेलस्ट्रोम आणि मॅग्नस योहानेसन यांनी 2008 मध्ये लिहिले आहे की रक्तदाता होण्याच्या तपासणीसाठी पैसे देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आले. तेच पैसे चांगल्या कामाला देऊन टाकण्याची मुभा ठेवली, तेव्हा ते पुन्हा 53 टक्के झाले. (भेटकार्डासारखी बक्षिसे ठेवल्याने रक्तदान वाढते, असे नंतरच्या काही प्रत्यक्ष पाहण्यांत दिसले आहे; तेव्हा पैसा शिरला की सगळे नासते, असा सरसकट निष्कर्ष मी काढत नाही.) पैशांसाठी केले असे दिसणे त्या स्त्रियांना नको होते. तुमचे ते हट्टी स्नेही वहीचे पैसे त्यांच्या पसंतीच्या वाचनालयाला देऊ शकतात. पण ताई, हा उपाय फक्त त्यांच्यापुरता. सगळ्या कमाईला तो लावू नका. पहिला स्वतःचा पैसा लगेच कुठेतरी देऊन टाकून मोकळ्या होणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी दाखवून दिले आहे की माणसे सगळा पैसा एकसारखा मानत नाहीत. कुठून आला आणि कशासाठी आहे यावरून त्याला वेगवेगळ्या खुणा करतात. तुम्हीही करा. वह्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातून काय घ्यायचे ते कोणाला न विचारता ठरवा.

आता त्या 200 वह्या. ज्या अटींवर ते काम आले आहे, त्या अटींवर घेऊ नका. आकड्यामुळे मी हे म्हणत नाही. 200 वह्या मदतीला दोघी-तिघी घेऊन, त्यांना नीट मजुरी देऊन करता येतील. तो एक प्रामाणिक व्यवसाय होईल, फक्त आज तुम्ही जे करता त्याहून वेगळा. मला खटकते ती नमुना दुसऱ्या कोणालाच न देण्याची अट. तिचा अर्थ पुरता वाचा. उद्या त्याच बांधणीची वही तुम्ही बहिणीला भेट म्हणून शिवलीत, तरी अट मोडेल. म्हणजे कंपनी तुमच्या वह्यांबरोबर तुमचे देणेही विकत घेते आहे, आणि त्याचे वेगळे पैसे देत नाही.

नमुन्यावर हक्क सांगणे हावरेपणाचे आहे, असा तुमचा सूर दिसला. तो मला पटत नाही. इन्शुलिन शोधणाऱ्या गटातले बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी 1923 मध्ये पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी 1 डॉलर घेऊन देऊन टाकले. पण पेटंट घेतले होते, हे विसरू नका. ते घेतले नसते तर दुसऱ्या कोणीतरी घेऊन फाटक लावले असते. संगणक-प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये मुक्त, म्हणजे कोणीही वापरावे, बदलावे आणि वाटावे अशा सॉफ्टवेअरसाठी जो परवाना लिहिला, त्यातही हीच युक्ती आहे: लेखकाचा हक्क सोडायचा नाही, उलट त्याच हक्काच्या जोरावर अट घालायची की हे पुढे कोणी कुंपणात घालू नये. आपली वस्तू मोकळी ठेवायची असेल तर किल्ली आपल्याकडे असावी लागते. इन्शुलिनचे पुढे काय झाले, आज अनेकांना ते किती महाग पडते, हे पाहिले की देणाऱ्याचा चांगला हेतू एकटा पुरत नाही हेही कळते. म्हणून कंपनीला लेखी कळवा: त्यांच्यासाठी तुम्ही वेगळा नमुना तयार कराल, सुरुवातीला 40 वह्या, तुमच्या सोयीच्या मुदतीत, प्रत्येक वहीत शिवणारीचे नाव, आणि तुमच्या आजवरच्या बांधणीवर त्यांचा कसलाही हक्क नाही. मान्य असेल तर करून पाहा. नसेल तर तुमचे काही गेले नाही.

मुलीवर रागावू नका. आईचे काम चार भिंतींबाहेरच्यांनी पाहावे, असे तिला वाटते, आणि तिला येणारी भाषा विक्रीची आहे. पाहिले जाणे आणि विकले जाणे वेगळे असू शकते, हे तिच्याशी एकदा बोला. वर्षातून एकदा वह्या नुसत्या मांडून दाखवणे तिला तुमच्यापेक्षा जास्त आवडेल, अशी माझी अटकळ आहे.

हे वाचणाऱ्यांत असे अनेक जण असतील ज्यांच्या हातात वही नाही. कोणी शेजारच्या मुलांना गणित शिकवते, कोणी लोकांचे दुःख ऐकून घेते, कोणी आजाऱ्याजवळ बसते, आणि ‘याचे पैसे का घेत नाहीस?’ असे त्यांनाही विचारले जाते. त्यांनी जास्त सावध असावे असे मला वाटते. ताई वही देऊन टाकतात आणि स्वतः मागे उरतात. ऐकणाऱ्याला तसे वेगळे होता येत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांबद्दल लिहिले: हसणे हाच कामाचा भाग झाल्यावर आपले खरे हसू कोणते, हे ओळखणे त्यांच्यातल्या काहींना अवघड जाऊ लागले. अशा कामाचे पैसे जरूर घ्यावेत, पण वेळ आणि जागा आखून. आणि ज्यांना फुकट द्यायचे त्यांची नावे आधी ठरवून. दमल्यावर ठरवायला बसलात तर सगळेच नकोसे होते.

राहिली ती कोरी वही.

तुम्ही लिहिले आहे की हे मनाला लावून घेणे वेडेपणाचे आहे. तसे नाही. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी 1925 मध्येच मांडले होते की भेटीत देणाऱ्याचा काही अंश राहतो, म्हणूनच देणे, घेणे आणि परतफेड करणे या तिन्हींचे बंधन माणसांना वाटते. तो अंश दुसऱ्याच कोणाच्या यादीत, फोटो आणि आकड्यासकट दिसला तर लागणारच. पण इगॉर कोपिटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाचेही थोडे ऐका. 1986 मधल्या एका निबंधात त्यांनी म्हटले की माणसांसारखे वस्तूंनाही चरित्र असते आणि विक्रीला असणे ही त्या चरित्रातली एक अवस्था असते. वस्तू तिच्यात शिरते आणि बाहेरही येते. त्यांनी सुरुवात गुलामगिरीपासून केली होती, जिथे माणूसच या अवस्थेत लोटला जाई. काही गोष्टींवर ही वेळ येताच कामा नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वही त्यांतली नाही. ती आज विक्रीला आहे. उद्या कोणी घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घातली की पुन्हा कोणाची तरी होईल.

मैत्रिणीला विचारायला जाऊ नका. घर आवरताना दुसऱ्याच कोणी ती काढली असेल, किंवा तिला त्या वेळी पैशांची नड असेल, आणि दोन्ही सांगणे तिला अवघड जाईल. ती 6 वर्षे कोरी का राहिली, याचा मात्र मला अंदाज आहे. माझ्याकडेही अशी एक वही आहे. दोरा इतका नेटका, कागद इतका सुरेख, की लिहिण्यासारखे काही सुचलेच नाही. दर वेळी वाटे, इतक्या चांगल्या वहीत हे साधेसुधे कसे लिहायचे. मी ती कधी विकली नाही, पण वापरलीही नाही, आणि जिने दिली तिला हे सांगायचे धाडस मला अजून झालेले नाही.

तेव्हा परत विकत घेऊ नका. घेतलीत तर वही येईल, तुम्ही दिलेली भेट येणार नाही, आणि ती आणखी 6 वर्षे तुमच्या कपाटात कोरी पडेल. दिल्या घरी सुखी राहा असे आपण म्हणतो. ते घर बदलले, एवढेच समजा. हाताने शिवलेली, कोणाची तरी जुनी, कोरी वही शोधून काढणारे माणूस बहुधा लिहिणारे असते.

पुढची वही भेट द्याल तेव्हा एक करा. पहिल्या पानावर तुम्हीच लिहा. कोणासाठी शिवली, कोणत्या दिवसांत शिवली, कापड कशाचे आहे. अक्षर वेडेवाकडे आले किंवा शाई फाकली तरी पान फाडू नका. मग पहिले पान खराब करायची भीती घेणाऱ्या व्यक्तीला राहत नाही, आणि ती दुसऱ्या पानावर लगेच लिहू लागते.